चादरीचा भाग

“मावशी, डोळे मिटा. पेशंट असा पोरींकडे पाहून हसत नसतो.”

उज्मा मॅडमनी दटावलं तशी पंचफुला आणखीच हसली. खाटेभोवती पहिल्या वर्षाच्या पोरी दाटीवाटीनं उभ्या होत्या. पुढच्यांना सगळं दिसत होतं, मागच्यांना फक्त पुढच्यांच्या वेण्या. मॅडमनी बेसिनच्या पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, दोघीतिघींना पाहायला लावलं आणि विचारलं, “बेडबाथची पहिली पायरी कोणती?”

“पाणी गरम करणे!” एकजण ओरडली.

“चूक.”

“पडदा लावनं,” खाटेवरून आवाज आला. “पडदा लागल्याबिगर पेशंटच्या अंगाले हात लावाचा नाई.”

पोरी खो खो हसल्या. “पेशंटनं उत्तर सांगायचं नसतं, मावशी,” असं म्हणत मॅडमही हसल्या आणि त्यांनी चाकांचा तो हिरवा पडदा खाटेभोवती ओढून घेतला.

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत खाली नळाच्या सामानाचं दुकान, त्याच्यावर गणिताची शिकवणी आणि सगळ्यात वर हे नर्सिंग स्कूल. पंचफुला तिथली आया. झाडणं, पुसणं, पाणी भरणं, घंटा देणं ही तिची कामं. पोरींना शिकायला शाळेत एक प्लास्टिकची डमी होती, पण तिचा एक हात खांद्यातून निखळला होता आणि मान एकीकडे वळली होती ती वळलीच. नवी डमी आणायचं संचालक ओमप्रकाश सर दर दिवाळीला कबूल करत आणि दर दिवाळीला विसरत. त्यामुळे प्रॅक्टिकल असलं की पंचफुला झाडू कोपऱ्यात ठेवायची, हातपाय धुवायची, गाऊन घालायची आणि खाटेवर आडवी व्हायची. हे तिच्या कामात बसत नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. ती आपणहून म्हणाली होती, मी झोपते.

असं का, ते फक्त उज्मा मॅडमना माहीत होतं.

पंचफुलाचा नवरा बुधाजी चांदूर रेल्वेकडच्या त्यांच्या खेड्यात लोकांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषधाचे फवारे मारायला जायचा. एका भादव्यात वारा उलटा फिरला, दिवसभर औषध त्याच्याच नाकातोंडात जात राहिलं आणि संध्याकाळच्या आत तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच कोसळला. दवाखान्यात नेल्यावर नर्सबाईंनी त्याचे कपडे कापून काढले, अंग धुतलं. ते बरोबरच होतं, विष कपड्यांत मुरलेलं असतं, हे पुढे मॅडमनीच पंचफुलाला समजावून सांगितलं. पण धुऊन झाल्यावर त्याला तसाच ठेवला. दाराशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, ट्रॉलीवर. सोबत आलेली गावची माणसं भिंतीकडे पाहत उभी होती. पंचफुला चादर मागत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. तिनं स्वतःचा पदर त्याच्यावर टाकला, तर कुणीतरी तो झटकून बाजूला केला आणि तिलाही बाहेर काढलं. बुधाजी तसाच गेला.

“मॅडम, माया मानसाले उघडं ठेवलं वो,” हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली होती. “तुमच्या पोरींले येवढं शिकवा. बाकी काई येवो, न येवो, मानूस झाकता आला पायजे.”

उज्मा मॅडम त्या दिवशी ढसाढसा रडल्या होत्या. खरंच रडल्या होत्या, त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारचा डबा पंचफुलासोबत खायला सुरुवात केली. पंचफुलाची अंबाडीची भाजी त्यांच्या डब्यात जायची आणि त्यांच्या अम्मीचा खिमा पंचफुलाच्या. मॅडमचे वडील इनायतुल्ला यांचं गाद्या भरायचं दुकान होतं. शाळेतल्या खाटेची गादी दगडासारखी झाली आहे असं मॅडमनी घरी सांगितल्यावर त्यांनी ती नव्या कापसानं भरून दिली, “जिसपर सोती है वो बाई, वो चुभना नहीं चाहिए,” असं म्हणून. चारचौघांत पंचफुला मॅडमना मॅडम म्हणायची आणि डबा खाताना बेटा.

मोबाइलची कल्पना मॅडमचीच. जिओ आल्यापासून पोरींची मान सारखी खाली. रागावून उपयोग नव्हता. मॅडम म्हणाल्या, मान खाली जाणारच असेल तर तिथेच धडा ठेवू. त्यांनी पहिल्या वर्षाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. नाडी कशी मोजायची, जखम कशी बांधायची, बाळंतिणीला काय विचारायचं, सगळं साध्या बोलीत सांगून त्याचे व्हिडिओ त्यावर टाकायला लागल्या. मागच्या रांगेतल्या पोरी, ज्यांना आजवर वेण्याच दिसायच्या, त्या उत्तरं द्यायला लागल्या. कल्पना चांगलीच होती. इतकी चांगली, की पंचफुलालाच तिचा अभिमान वाटायचा.

“मावशी, बेडबाथचा एक पूर्ण व्हिडिओ घेऊ का?” एकदा डबा खाताना मॅडमनी विचारलं. “फक्त आपल्या पोरींच्या ग्रुपसाठी.”

“बाहेर गेला तं?”

“बाहेर कसा जाईल? मी आहे ना. चेहरा तर घेणारच नाही. माझ्या अम्मीचा टाकीन का मी बाहेर?”

यावर आणखी काय विचारणार? पंचफुला हो म्हणाली.

व्हिडिओ झाला. त्यात सगळं होतं. आधी पडदा. मग एक हात उघडायचा, धुवायचा, पुसायचा, झाकायचा आणि मगच दुसरा. पाठ धुताना बाकीचं अंग टॉवेलखाली. शेवटी गळ्यापर्यंत चादर, चादरीच्या चुण्या सारख्या करायच्या, पेशंटला विचारायचं थंडी वाजते का, आणि मग पडदा बाजूला. मॅडमनी तो पंचफुलाला आपल्या मोबाइलवर दाखवला. चादरीचा भाग आला तेव्हा पंचफुलानं त्यांचा हात धरला.

“हे पुना दाखवा, बेटा.”

मॅडमनी पुन्हा दाखवलं. मग आणखी एकदा.

नंतरच्या आठवड्यात अफसाना नावाची एक बुजरी पोरगी तिला जिन्यात भेटली. तिची दादी अंथरुणाला खिळलेली होती. “मावशी, तुमचा व्हिडिओ पाहून दादीले अंघोळ घातली,” ती म्हणाली. “दादी म्हणे, पहिल्यांदा कोनी दार लावून घेतलं.” त्या दिवशी पंचफुला सगळे जिने पुसताना गुणगुणत होती.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. बोंडं बाहेरून टवटवीत आणि आतून पोखरलेली. कापूस गेला तशा पोरी गेल्या. पुढच्या वर्षी पहिल्या वर्षाचे अर्धे बाक रिकामे राहिले, बापांनी पोरींना घरीच ठेवून घेतलं. ओमप्रकाश सर मॅडमना सारखे केबिनमध्ये बोलवायला लागले. मॅडम डबा खातानाही मोबाइलवर काहीतरी कापत-जोडत बसायच्या. पंचफुलाला वाटलं, पोरींचंच काम असेल. आणि त्याच सुमारास बाळापूरहून तिच्या लेकीचे, प्रियदर्शनीचे फोन कमी झाले. “सध्या येऊ नको आई, घरी पाव्हने हायेत,” असं ती दोनदा म्हणाली. पंचफुलानं तेही मनाला लावून घेतलं नाही. सासुरवाशिणीच्या घरी पाहुणे असायचेच.

हिवाळ्यात अकोल्याला एक कार्यशाळा ठरली, ‘आरोग्यशिक्षणात सोशल मीडिया’. बोलायला उज्मा मॅडमना बोलावलं होतं. बॅनर, पेटी, पोस्टर सांभाळायला सोबत कुणीतरी हवं, म्हणून त्यांनी पंचफुलाला घेतलं. ती हरखून गेली. अकोल्याहून बाळापूर किती लांब? पाहुणे असोत की आणखी कुणी, नातवाचं तोंड पाहून संध्याकाळी परत यायचं, असं ठरवून तिनं शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पिशवीत टाकला. चांगलं पातळ नेसली.

हॉल भरलेला होता. डॉक्टर, प्राचार्य, नर्स, कोटातले पुरुष, मोत्याच्या माळांतल्या बाया. पंचफुला मागच्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली. मॅडम उभ्या राहिल्या तशी तिनं सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

“खेड्यातल्या मुलीला शिकवायचं असेल तर तिच्या हातातल्या मोबाइलपर्यंत गेलं पाहिजे,” मॅडम सांगत होत्या. आवाज खणखणीत. “आमचा हा व्हिडिओ फेसबुकवर आजपर्यंत चाळीस हजारांहून जास्त लोकांनी पाहिला.”

दिवे मंद झाले. भिंतभर पडद्यावर एक पाठ आली.

स्वतःची पाठ माणसाला ओळखू येत नाही. पंचफुलालाही आली नाही. कुणाची बाई असेल बिचारी, असंच तिला क्षणभर वाटलं. मग मॅडमच्या हातानं त्या बाईचा हात उचलला आणि पुढच्या बाजूनं वळवला. त्या हातावर गोंदण होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला बुधाजी तिला नागपूरला दीक्षाभूमीवर घेऊन गेला होता. तिथे रस्त्याकडेला गोंदणारा बसला होता. त्याच्याकडून तिनं एक चक्र गोंदवून घेतलं, त्याचे आरे थोडे वाकडेच आले, आणि त्याच्याखाली नाव. सुई लागत होती तेव्हा बुधाजी शेजारी उकिडवा बसून तिच्यापेक्षा जास्त कळवळत होता. ते नाव आता भिंतीवर होतं. एक एक अक्षर परातीएवढं. बुधाजी.

तिनं झटकन पदर हातावर ओढला. जणू मागे वळून कुणी पाहणार होतं.

पडद्यावर पाणी निथळत होतं, पाठ पुसली जात होती. होऊन जाईल आता, तिनं स्वतःला समजावलं. आता चादर येईल. मॅडम गळ्यापर्यंत चादर ओढतील, चुण्या सारख्या करतील, थंडी वाजते का विचारतील. ती चादरीची वाट पाहत होती.

चादर आलीच नाही. उघड्या पाठीवरच व्हिडिओ थांबला, शाळेचं नाव आणि फोन नंबर आला, वर कसलंसं संगीत वाजलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रांगेतल्या एका डॉक्टरांनी विचारलं, “इतक्या कमी वेळात बसवलंत कसं?”

“मूळ व्हिडिओ बराच मोठा होता सर,” मॅडम हसून म्हणाल्या. “लोक तेवढं पाहत नाहीत. मग पडदा लावणं, मध्येमध्ये झाकणं, शेवटची चादर, असा जो परत परत येणारा भाग होता तो काढून टाकला.”

डॉक्टरांनी मान डोलावली. पुन्हा टाळ्या. पंचफुलाच्या शेजारची बाई कौतुकानं म्हणाली, “किती छान शिकवतात ना?”

“हो,” पंचफुला म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमभोवती गर्दी झाली. पंचफुलानं बॅनर गुंडाळून पेटीला टेकवून ठेवलं, “बाळापूरले जाऊन येते” असं दुरूनच सांगितलं आणि चालत बसस्टँड गाठलं. बाळापूरची गाडी लागलेली होती. ती चढली नाही. बाकावर बसून तिनं लेकीला फोन लावला.

“प्रिया, तो व्हिडिओ तू पायला होता का?”

कोणता व्हिडिओ, असं प्रियदर्शनीनं विचारलं नाही. पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.

“हो, आई.”

“कवा?”

“दिवाळीच्या आंदी. घरच्या ग्रुपवर कोनंतरी टाकला होता. सासूबाईनं बाबाचं नाव वाचलं अन् मोबाइल माया हातात देल्ला. काई बोलल्या नाई. अजून बी काई बोलत नाई त्या.”

“मंग मले सांगतलं काऊन नाई?”

“मले वाटलं तुले मालूम असन. तू हो म्हटल्याबिगर कोन काढन असा व्हिडिओ?” लेकीचा आवाज फाटला. “म्या घरी तेच सांगतलं, माया आईनं पोरी शिकवासाठी देल्ला म्हनून. पन आई, तू कायले हो म्हटलं वो? बाबाचं नाव तरी झाकाचं होतं. त्याच्याखाली लोकायनं काय काय लिहून ठेवलं हाय… तू वाचू नको.”

पंचफुलानं फोन ठेवला. तिनं हो म्हटलं होतं. हेच तर होतं. चोरून कुणी काही नेलं असतं तर चोर म्हणून बोंब मारता आली असती. तिच्या ताटात जेवणाऱ्या पोरीनं तिच्याकडून मागून नेलं होतं आणि तिनं आपल्या हातानं दिलं होतं. बुधाजीच्या वेळी ती रडली होती, किंचाळली होती, दवाखान्याला शिव्याशाप दिले होते. आज कुणाला द्यायचे?

बाळापूरची गाडी निघून गेली. ती अमरावतीच्या गाडीत बसली. लाडवांचा डबा मांडीवर तसाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्मा मॅडम पेढे घेऊन आल्या. पंचफुला प्रॅक्टिकलची खोली पुसत होती.

“मावशी, काल न जेवताच गेल्या तुम्ही! प्रियदर्शनी कशी आहे?”

“म्या गेली नाई तिच्याकडं.” पंचफुलानं फडकं बादलीत पिळलं. “मॅडम, तुमी सांगतलं होतं, पोरींच्याच ग्रुपवर.”

मॅडमचा पेढ्यांचा हात तसाच राहिला. दोघींशिवाय खोलीत कुणी नव्हतं, तरी पंचफुला त्यांना मॅडम म्हणाली होती. ते त्यांना कळलं.

“आधी ग्रुपवरच होता, मावशी. मग सरांनी शाळेचं पेज काढलं. अर्ध्या सीटा रिकाम्या, शाळा बंद पडली तर सगळ्या घरी बसू म्हणाले. मी दोनदा नाही म्हटलं. आणि चेहरा कुठंय त्यात? अल्लाह कसम, एक एक जागा पाहून चेहरा काढला मी.”

पंचफुलानं ओला हात पुढे केला.

मॅडमनी त्या हाताकडे पाहिलं. कितीदा तरी त्यांनी तो हात पोरींसमोर धुतला होता, बोटं एकेक करून पुसली होती. त्यावरचं नाव त्या आज पहिल्यांदा वाचत होत्या.

“या अल्लाह,” त्या हळूच म्हणाल्या. “हे माझ्या ध्यानातच आलं नाही.”

“बाळापूरले आलं ध्यानात. माया लेकीच्या सासूच्या.”

“मी काढते. आत्ता काढते.” मॅडमनी घाईघाईनं मोबाइल काढला, अंगठा फिरवला आणि पडदा पंचफुलासमोर धरला. “गेला. बघा, पेजवरून गेला.”

“अन् ज्याच्या-त्याच्या मोबाइलात गेला तो?”

मॅडमनी मोबाइल खाली ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. तेही खोटं नव्हतं आणि पंचफुलाला तेच जड जात होतं. ओमप्रकाश सरांनी केलं असतं तर ती थुंकून मोकळी झाली असती.

“चादर काऊन काढली, मॅडम?”

“लोक तेवढं पाहत नाहीत ना, मावशी. कंटाळतात.”

“म्या तं तेवढ्यासाठीच झोपली होती,” पंचफुला म्हणाली.

तिनं बादली उचलली आणि घंटा द्यायला गेली. त्या दिवशी पोरी प्रॅक्टिकलला आल्या तेव्हा खाटेवर एका हाताची डमी होती, पलीकडे तोंड फिरवून. पंचफुलानं तिला पुसून ठेवलं होतं. “मावशी कुठंय?” एकदोघींनी विचारलं. मॅडमनी पडद्याला हात घातला, आणि मग आठवल्यासारखं करून पोरींना म्हणाल्या, “मोबाइल बाहेर ठेवून या.”

पंचफुला तेव्हा जिन्यात होती. दुपारी खोली रिकामी झाली. अफसाना एकटीच मागे राहून डमीच्या उरलेल्या हातावर पट्टी बांधायचा सराव करत होती. पंचफुला तिच्याजवळ गेली, स्टुलावर बसली आणि तिनं हात पुढे केला.

“हे घे, खऱ्या हातावर शिक. मनगटापासून बांध, कोपरापावतर.”

“काय झालं मावशी? भाजलं का?”

“तू बांध.”

अफसानानं रोलर बँडेज सोडलं. शिकवल्याप्रमाणे तिनं मनगटाला दोन फेरे घेतले आणि वर सरकली. पंचफुला हातावर नजर लावून बसली होती. फेऱ्यांखाली आधी नाव गेलं, मग वाकड्या आऱ्यांचं चक्र.

“घट्ट होऊन राहिलं का, मावशी?”

“नाई.”

“मंग सोडू का आता? पुना बांधून पायते.”

“सोडू नको,” पंचफुला म्हणाली. “राहू दे.”

तिनं पदर पट्टीवरून ओढून घेतला, चुणी सारखी केली आणि झाडू घेऊन उठली.